'स्टॅम्प ॲक्ट'ला मराठीत काय म्हणायचं? कर, जकात की शुल्क?

प्रश्न: अमेरिकन राज्यक्रांतीवर मराठीत लेख लिहितोय. १७६४ ते १७७४ च्या दरम्यान ब्रिटिश पार्लमेंटने वसाहतींवर जे कायदे लादले त्यांना सरसकट 'जाचक कर' म्हटलं तर चालेल का? आणि स्टॅम्प म्हणजे मुद्रांक की तिकीट?

प्रतिसाद: मुद्रांक. तिकीट म्हटलं की पोस्टाचं तिकीट डोळ्यासमोर येतं. इथे कर भरल्याचा ठसा कागदावरच उठवलेला असायचा, आणि कोर्टाची कागदपत्रं, परवाने, वर्तमानपत्रं सगळं त्याच कागदावर, म्हणजे आपल्या स्टॅम्प पेपरसारखंच. पत्त्यांच्या कॅटवर १ शिलिंग आणि फाशांच्या जोडीवर तर १० शिलिंग! वकील आणि छापखानेवाले एकाच वेळी दुखावले, म्हणजे ज्यांना बोलता-लिहिता येतं तेच. १ नोव्हेंबर १७६५ ला कायदा लागू व्हायचा होता, पण त्याआधीच ऑगस्टमध्ये बोस्टनला मुद्रांक विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला लटकवला होता लोकांनी.

'जाचक कर' मात्र कृपा करून नको, शाळेच्या पुस्तकांपासून आपल्याला हा जोडशब्द चिकटलाय. १७६४ च्या शुगर ॲक्टने परकीय मळीवरची जकात गॅलनला ६ पेन्सची ३ पेन्स केली, म्हणजे निम्मी. तरी लोक भडकले, कारण आधी चोरटा माल सर्रास यायचा आणि आता वसुली खरोखर होणार होती, वर खटले ज्यूरी नसलेल्या आरमारी कोर्टात. १७७३ च्या टी ॲक्टने तर नवीन कर लावलाच नाही, ईस्ट इंडिया कंपनीला थेट चहा विकायची मुभा दिली आणि चहा स्वस्त झाला. पौंडाला ३ पेन्सची जुनी जकात तेवढी ठेवली, आणि तेवढ्यावरून १६ डिसेंबरला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. रक्कम किती हा मुद्दा नव्हताच हो, आम्हाला न विचारता आमच्या खिशात हात घालणारे तुम्ही कोण, हा होता. म्हणून मी 'विनासंमती कर' लिहीन.

कर आणि जकात हा भेदही पाळा. १७६६ मध्ये वसाहतींची बाजू मांडणाऱ्या बेंजामिन फ्रँकलिनने पार्लमेंटपुढे साक्ष देताना सांगितलं की विरोध अंतर्गत करांना, म्हणजे मुद्रांकासारख्या वसाहतीच्या आत बसवलेल्या करांना आहे, व्यापारावरच्या जकातीला नाही. ब्रिटनचा अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने तेच धरून १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर बंदरात जकात बसवली. दोन्हीकडे 'कर' लिहिलंत तर त्याने काय पळवाट काढली ते वाचकाला कळणारच नाही. फक्त 'आयात जकात' असं पूर्ण लिहा, नुसतं जकात म्हटलं की आपल्याला जकात नाका आठवतो.

प्रश्न: पटलं. मग पार्लमेंटचं म्हणणं काय होतं, की तुम्ही मत दिलं नाही तरी आम्ही तुमचे प्रतिनिधी आहोतच? त्याला 'आभासी प्रतिनिधित्व' म्हणू का?

प्रतिसाद: आभासी म्हणजे आता ऑनलाइन झालंय, आभासी वर्ग, आभासी सभा वगैरे. 'मानीव प्रतिनिधित्व' लिहा. सोसायटीच्या मानीव अभिहस्तांतरणामुळे हा शब्द शहरातल्या प्रत्येक फ्लॅटवाल्याला माहीत आहे, प्रत्यक्षात झालं नाही पण कायद्याने झालं असं मानायचं. पार्लमेंट अगदी हेच म्हणत होतं, की मँचेस्टरला तरी कुठे स्वतःचा खासदार आहे, मग बोस्टनने का ओरडावं. वसाहतवाल्यांना हे मानणं मंजूर नव्हतं, आणि मला विचाराल तर त्यांचंच बरोबर होतं, कारण मँचेस्टरवर बसणारा कर लंडनच्या खासदारालाही भरावा लागायचा, बोस्टनवरचा त्याला भरावा लागत नव्हता.

आणि १७७४ च्या कायद्यांना, बोस्टनचं बंदर बंद केलं ते, 'दंडात्मक कायदे' म्हणा. त्यात नवा कर नव्हता, तेव्हा ते करांच्या यादीत घालू नका.