बर्गर आतून लाल होता आणि लेकाने अर्धा खाल्लाय, काय करू?

कोकणकन्या_एनजे:
नमस्कार मंडळी, जरा टेन्शनमध्ये लिहितेय, चुका पोटात घाला. आम्ही न्यू जर्सीत असतो. परवा शनिवारी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या घरी बॅकयार्डमध्ये ग्रिल होतं, बर्गर, हॉट डॉग वगैरे. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्याने बीफ बर्गर अर्धा खाल्ला आणि उरलेला मी खायला घेतला तर आत गुलाबी, मधोमध तर लालसर आणि ओलंच. यजमानांना म्हटलं तर म्हणाले मीडियम रेअर आहे, स्टेक तसाच खातात की, काही होत नाही. चारचौघांत काय बोलणार, गप्प बसले. आता वाचत बसलेय आणि झोप उडालीये. तो एकदम ठीक आहे, खेळतोय, ताप नाही. पण किती दिवस लक्ष ठेवायचं? आधीच काही औषध द्यायचं का? आणि मूळ गोष्टच कळत नाहीये, स्टेक आतून लाल चालतो तर बर्गर का नाही? आई घरी खिमा करायची तेव्हा कधी कोणाला भीती वाटली नाही. (बीफ खावं की न खावं यावर प्लीज वाद नको.)

मिरजकर:
ताई, मी फूड टेक्नॉलॉजीवाला आहे, इथे मांसाच्या टेस्टिंग लॅबमध्येच काम करतो, त्यामुळे स्टेकचं सांगतो. ई. कोलाय या जंतूचा जो वाईट प्रकार आहे, ओ१५७:एच७, तो गुरांच्या आतड्यात असतो आणि गुराला त्याचा काहीच त्रास होत नाही. कत्तल करताना, कातडं काढताना तो मांसाच्या वरच्या बाजूला लागतो. अख्खा तुकडा असेल तर जंतू वरवरच राहतात, तवा किंवा ग्रिल नीट तापलेलं असलं की वरचा भाग भाजताना मरतात, आत लाल राहिलं तरी बहुतेक वेळा निभावतं. पण तेच मांस मशीनमधून काढलं की बाहेरचं सगळं आत जातं. बर्गरच्या मधोमध जो लाल भाग तुम्ही बघितला तो कधीतरी कुठल्यातरी तुकड्याचा बाहेरचा भाग होता. आणि दुकानातल्या एका पाकिटात एकाच जनावराचं मांस नसतं, बऱ्याच जनावरांचं एकत्र दळलेलं असतं. म्हणून इथलं कृषी खातं अख्ख्या तुकड्याला १४५ फॅरनहाइट आणि नंतर ३ मिनिटं तसंच ठेवा म्हणतं, पण दळलेल्याला १६० म्हणजे ७१ सेल्सिअस.

आईच्या खिम्याचं म्हणाल तर तो सुटा असतो, कढईत तेल सुटेपर्यंत परतायचा, मग वर झाकण ठेवून शिजवायचा, त्यात कच्चं राहायला जागाच नाही. बर्गर म्हणजे जाड थापलेला गोळा, बाहेरून काळा होतो आणि आत थंड राहतो.

पर्वरीकर:
+१ खिम्याला. आमच्याकडे गोव्यात बीफची क्रोकेट करतात ना, त्यातही खिमा आधी शिजवतात, मग वळून रव्यात घोळवून तळतात. आगीवर दोनदा जातो.

ओहायोची_मावशी:
मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, १८ वर्षं झाली. आधी हे सांगते की अर्धवट शिजलेला प्रत्येक बर्गर दूषित नसतो, बहुतेक मुलांना काहीही होत नाही, तेव्हा आज रात्री झोप. पण लक्ष मात्र नक्की ठेव. लक्षणं साधारण ३-४ दिवसांनी सुरू होतात, कधी दुसऱ्या दिवशी तर कधी १० दिवसांनी, म्हणजे पुढच्या मंगळवारपर्यंत तरी डोळा असू दे. पोटात जोरात कळा, पातळ शी, मग त्यात रक्त, ताप बऱ्याचदा नसतो किंवा अगदी बारीक असतो. आणि ताप नाही म्हणून आईवडील निर्धास्त राहतात, हे मी खूप वेळा बघितलंय.

आधीच औषध अजिबात द्यायचं नाही. रक्त पडत असेल तर जुलाब थांबवायची गोळी नको, घरात पडलेलं अँटिबायोटिक नको. या जंतूचं विष असतं, शिगा टॉक्सिन म्हणतात, अँटिबायोटिकने ते आणखी बाहेर पडायची शक्यता असते. डॉक्टरांना स्वतःहून सांग की न शिजलेलं बीफ खाल्लंय, शीच्या तपासणीत शिगा टॉक्सिन बघा, कारण हे सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून घरी पाठवू शकतात.

खरी भीती किडनीची. लागण झालेल्या शंभरातल्या ५ ते १० जणांना एचयूएस होतो, लाल पेशी फुटतात, किडनी बंद पडायला लागते, आणि यात पाच वर्षांखालची मुलं जास्त. हे साधारण जुलाब सुरू झाल्यावर आठवड्याने होतं, जुलाब कमी झाले आता बरं वाटतंय असं म्हणतो ना तेव्हाच. शू कमी झाली, चेहरा पांढराफटक पडला, मूल मलूल झालं, अंगावर निळे डाग दिसले तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

सिएटलकर:
मी १९९१ पासून इथे आहे. १९९३ चा जानेवारी विसरणं शक्य नाही. जॅक इन द बॉक्स या बर्गरच्या साखळीतून ७०० च्या वर लोक आजारी पडले, ४ मुलं गेली, सगळ्यात जास्त आजारी आमच्या वॉशिंग्टन राज्यात. राज्याने तेव्हा आधीच हॉटेलांना १५५ पर्यंत शिजवायला सांगितलेलं, ते शिजवत होते जुन्या १४० वर. माझी मुलगी तेव्हा ३ वर्षांची, तिच्या डे-केअरमधून रोज पत्र यायचं हात धुण्याबद्दल, कारण हा आजार एका मुलाकडून दुसऱ्याला पण होतो, अगदी थोडे जंतू पुरतात. त्यानंतर १९९४ ला सरकारने दळलेल्या बीफमध्ये हा जंतू सापडला तर माल भेसळयुक्त धरायचा असं ठरवलं. इतकं होऊनही लोक अजून बॅकयार्डमध्ये काही होत नाही म्हणतात ते ऐकलं की खरंच त्रास होतो.

भटक्या_८२:
एवढं घाबरायचं कारण नाही असं माझं मत. माझा कसाई ओळखीचा आहे, समोर ताजं दळून देतो, आम्ही आतून गुलाबीच खातो, कधी काही झालं नाही. चांगल्या जागचं मांस घ्या.

मिरजकर:
@भटक्या, ताजं असल्याने हा धोका जात नाही. जंतू शिळेपणाने येत नाही, कत्तलखान्यातच येतो, समोर दळलं तरी वरचं आतच जाणार. वासही येत नाही, रंगही बदलत नाही. तुम्ही धडधाकट असाल, तुमच्यासाठी तुम्ही ठरवा, पण लहान मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बाई यांच्या ताटात तसा बर्गर घालू नका एवढी मनापासून विनंती.

आणि सगळ्यांसाठीच, रंगावर जाऊ नका. मांसाचा लाल रंग ज्या प्रोटीनमुळे असतो ते हवा लागून आधीच बदललेलं असेल तर बर्गर १६० च्या बराच आधी आतून तपकिरी होतो. कृषी खात्याचंच म्हणणं आहे की चारात एक बर्गर असा फसवतो. उलट कधी पूर्ण शिजूनही गुलाबी राहतो. म्हणून थर्मामीटर, आणि तो वरून नाही, बाजूने आडवा मधोमध घालायचा.

कोकणकन्या_एनजे:
सगळ्यांचे खूप आभार, मावशी तुमचे विशेष. सकाळी डॉक्टरांच्या नर्स लाइनला फोन केला, त्यांनीही हेच सांगितलं, औषध नको, लक्ष ठेवा. थर्मामीटर मागवलाय. एकच विचारायचं राहिलं, यजमानांनी उरलेल्या ४ कच्च्या पॅटी बांधून दिल्यात, फ्रीझरमध्ये आहेत. गोठवल्यावर जंतू मरतात ना?

मिरजकर:
नाही मरत, नुसते थांबतात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, ओट्यावर नको, आणि १६० दिसल्याशिवाय खाली उतरवू नका. कच्ची पॅटी ज्या ताटात होती त्यात शिजलेली परत ठेवू नका.