देवाची काळजी रोजच्या जगण्यात दिसते, की आपणच ती जोडतो?

धागा
जय ख्रिस्त सगळ्यांना. गेल्या महिन्यात आईचं ऑपरेशन झालं, बाहेर बाकड्यावर मी एकटीच, रात्रीचे दोन वाजलेले, प्रार्थनेला शब्दच सुचेनात, नुसतं प्रभू प्रभू चाललेलं, तेवढ्यात ड्युटीवरच्या सिस्टरने काही न विचारता खांद्यावर ब्लँकेट टाकलं आणि गेली. आपण कुडकुडतोय हेही मला तोवर कळलं नव्हतं. माझ्यासाठी ती देवाचीच काळजी होती. अशा खुणा रोज मिळतात, आपण घाईत बघत नाही.

प्रतिसाद 1
ताई, आई बरी झाली, आनंद आहे. पण बाकीच्या बाकड्यांवरच्यांनी पण प्रार्थना केलीच असणार ना. ॲक्सिडेंटमध्ये माझा भाऊ गेला, मी त्याच गाडीत होतो, मला नुसतं खरचटलं. नंतर मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एकाने उभं राहून सांगितलं, देवाने याला राखलं. शेजारी माझी आई बसली होती, मला मान वर करवेना. बायबलमध्ये लूकच्या 13व्या अध्यायात बुरूज पडून 18 जण मेले, ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते का असं येशूच विचारतो आणि नाही म्हणतो. मग आपण कशाला घटनांवरून देवाचं मन वाचायचं?

प्रतिसाद 2
दादांशी सहमत. नोकरी बदलायची, प्रभू खूण दे. लग्न ठरवायचं, खूण दे. बायबलमधल्या गिदोनाला तर लढाईत जय देईन असं देवाने आधीच स्पष्ट सांगितलेलं, तरी त्याने खूण मागत दोनदा रात्री लोकर ठेवली, आधी दवाने लोकर ओली जमीन कोरडी, मग उलटं. देवाने सांभाळून घेतलं ही त्याची कृपा, आपण त्याची पद्धत करून टाकली.

धागाकर्ती
दादा, भावाचं वाचून गलबलून आलं. पण आई बरी झाली असं मी कुठे लिहिलंय? रिपोर्ट चांगला नाहीये, केमो सुरू होतेय. ब्लँकेटवरून मी पुढचं काहीच ठरवलं नव्हतं. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तो त्या दिवसापुरता, शब्बाथाचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, सोडला तर उद्यासाठी ठेवलेल्यात किडे पडायचे. ते ब्लँकेटही त्या रात्रीपुरतंच होतं, पण होतं. मत्तय 10 मधली चिमणीसुद्धा जमिनीवर पडतेच की, फक्त ती पित्याच्या नजरेआड पडत नाही.

प्रतिसाद 1
माफ करा ताई, मी गृहीत धरलं. चिमणीचं पटलं. तरी ब्लँकेट सिस्टरने टाकलं, तिचं श्रेय तिलाच द्या असं मला अजून वाटतं. भाऊ गेला तेव्हा शेजारचे काका तीन तास नुसते बसून होते, बायबलचं एक वचन सांगितलं नाही. बायबलमधल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याचे मित्रही त्याच्याजवळ 7 दिवस गप्पच होते, बोलायला लागले आणि बिघडलं. काकांना मी खूण म्हणणार नाही, पण त्या दिवसातलं मला तेवढंच लख्ख आठवतं.
केमो कधीपासून आहे?