टाइल तडकते ती खालच्या पोकळीमुळे
गॅरेजच्या जमिनीवर टाइल नको, हातोडा पडला की ती फुटणारच, त्यापेक्षा साधा कोबा बरा, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. घावाने कपचा उडतो, खरं आहे. पण टाइल आरपार तडकते ती बहुतेकदा खाली पोकळी राहिल्यामुळे. ॲडहेसिव्हचे (टाइल चिकटवायच्या मसाल्याचे) नुसते गोळे ठेवून बसवलेल्या टाइलवर गाडी उचलायचा जॅक लावला की सगळा भार छोट्या जागेत एकवटतो आणि आधार नसलेला भाग दगा देतो. माझ्या गॅरेजमध्ये दातेरी थापीने ॲडहेसिव्ह सलग पसरून टाइल बसवल्या आहेत. जॅक रोजचा, तरी एकही तडकलेली नाही.

टाइल फुल बॉडी व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली आणि पूर्ण जाडीत एकसारखी, अशी घ्या. रंग आतपर्यंत तोच असल्याने कपचा डोळ्यांत भरत नाही, आणि पाणीशोषण ०.५ टक्क्यांच्या आत असल्याने तेल मुरत नाही. मुरतं ते सांध्यांत, म्हणून तिथे इपॉक्सी ग्राउटच, म्हणजे सांधे भरायचा रेझिनचा मसालाच हवा.