मदत हवी आहे: श्वासाकडे लक्ष दिलं की धडधड वाढते (गरोदरपणाचा २६वा आठवडा)

नमस्कार. बडोद्याहून लिहितेय, दांडिया बाजारात घर आहे. २६वा आठवडा चालू आहे. मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात एकदा गेलं, त्यामुळे या खेपेला पहिल्या दिवसापासून जीव मुठीत धरून आहे. रिपोर्ट सगळे चांगले आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, "काळजी तेवढी कमी करा." ती कशी करतात, हे विचारायचं दर वेळी राहून जातं.

म्हणून गरोदर बायकांसाठीचा माइंडफुलनेसचा क्लास लावला. डोळे मिटून नाकाशी श्वास बघायचा. बाकीच्या जणी कशा शांत बसलेल्या असतात. मला दोन मिनिटांत छाती भरून येते, श्वास पुरत नाही असं वाटतं, आणि मग बाळ शेवटचं कधी हललं याचा हिशेब सुरू. घरी करावं तर खाली फरसाणवाला. सकाळी त्याचा झारा कढईवर आपटायला लागतो, तळणीचा वास थेट वर येतो. ध्यान कसलं, मळमळच.

गेल्या मंगळवारी क्लासमध्ये सगळ्यांना उताणं झोपवून पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष न्यायला सांगितलं. मी गुडघ्यापर्यंत पोचले असेन, घाम फुटला, अंधारी आली. कुशीवर वळल्यावर बरं वाटलं. तिथल्या ताई म्हणाल्या, "मनाचा विरोध आहे, तो बाहेर पडतोय." वर त्यांचं ठरलेलं वाक्य: आईच्या मनात येतं ते जसंच्या तसं बाळाला पोचतं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सहा महिने मी काळजीशिवाय दुसरं केलंय काय!

सासूबाई म्हणतात, ते सोड, देवापुढे बसून स्तोत्र म्हण. ह्यांचं म्हणणं, पैसे भरलेत तर पूर्ण कर. इथे कुणी गरोदरपणात हे केलंय का? माझं काय चुकतंय? आणि माझ्या काळजीने बाळाचं खरंच काही बिघडलं असेल का?

निवृत्त_सिस्टर:
अगं, ३१ वर्षं प्रसूती विभागात काढली मी. आधी ते उताणं झोपणं बंद कर. मनाचा विरोध वगैरे काही नाही त्यात. पाचव्या महिन्यानंतर गर्भाशय जड होतं. उताणं झोपलं की कण्यालगतची मोठी शीर दाबली जाते, पायांकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, बीपी उतरतं. डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन कर काय करायचं ते. श्वास कोंडून धरणं, कपालभाती, हेही नको. आणि अंधारी आल्याचं डॉक्टरीणबाईंच्या कानावर घाल.

विचार नाळेतून जात नाहीत. ताणाने कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढतं हे खरं, पण वारेत (प्लॅसेंटात) एक विकर (एन्झाइम) असतं, ते त्यातलं बरंचसं निष्क्रिय करून टाकतं. महिनोन्‌महिने चाललेला तीव्र ताण किंवा अंगावर काढलेलं नैराश्य ही वेगळी गोष्ट. त्यात वेळेआधी प्रसूतीची, वजन कमी भरण्याची शक्यता वाढते, म्हणून तर उपचार करायचे. झोप अशीच उडत राहिली तर पुढच्या तपासणीची वाट बघू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर रात्रीही चालतो.

आता फायद्याचं. बार्सिलोनात १२२१ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, बाळ वजनात मागे राहण्याचा धोका होता अशांचा. २०२१ साली निष्कर्ष आले. नेहमीच्याच तपासण्या झालेल्यांत २१.९ टक्के बाळं दिवसांच्या मानाने लहान निघाली, ८ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कार्यक्रम केलेल्यांत १५.६ टक्के. पण त्या जोखमीच्या केसेस होत्या, तुला तो आकडा तसाच लावू नकोस. बाळ हुशार होतं, गोरं होतं, असलं काही त्यात नाही, क्लासवाले काहीही म्हणोत.

आणि हालचाल कमी वाटली तर ध्यानाला बसून मन समजावायचं नाही. सरळ दवाखाना गाठायचा.

कमाटीबागेतली_चक्कर:
मलाही श्वास बघितला की गुदमरायचं. माझंही आधी एकदा गेलं होतं. आपल्यासारखीला डोळे मिटून पोटात बघ म्हणणं म्हणजे जिथे भीती आहे तिथेच नेऊन बसवणं. डोळे उघडे ठेव. श्वासावरच लक्ष हवं असा काही नियम नाही. मी बागेत फिरताना टाच, चवडा, टाच, चवडा, एवढंच बघायचे. लक्ष उडालं की परत टाच. पाच मिनिटं खूप झाली.

फरसाणवाल्याचा झाराच ऐक की! आवाजही चालतो. वासाला मात्र उपाय नाही, खिडकी लाव. सासूबाईंचंही चूक नाही. स्तोत्र सावकाश म्हटलं की उच्छ्वास आपोआप लांबतो, धडधड खाली येते.

धागाकर्ती:
सिस्टर, तुमचं वाचून रडले, पण बरं वाटलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनीही उताणं झोपू नका म्हणून सांगितलं आणि उद्या बीपी बघायला बोलावलंय.

काल जेवणानंतर झोपाळ्यावर बसले, तळवे फरशीला, डोळे उघडे. आमच्या झोपाळ्याची एक कडी करकरते. पुढे जाताना एक आवाज, मागे येताना दुसरा. तेवढंच ऐकत होते. मध्ये दोनदा हिशेब सुरू झाला, परत कडीकडे आले. घड्याळ बघितलं तर सात मिनिटं झाली होती. हे तेलाची बाटली घेऊन आले, म्हटलं आता तीन महिने त्या कडीला हात लावायचा नाही.

एक राहिलं: क्लासचे उरलेले पैसे परत मागावेत का? पुढची दहा सत्रं आहेत, आणि ताई आमच्या सासूबाईंच्या ओळखीतल्या निघाल्या.