'महापौर' की 'नगराध्यक्ष'? आणि हा 'पौर' कोण?

बंदरकाठ: मालवणातल्या एका कार्यक्रमाच्या पत्रिकेच्या मुद्रितात 'मा. महापौर' असं आलंय. बरोबर आहे का? आणि 'पौर' म्हणजे नेमकं काय?

शब्दवेडा: मालवणला नगरपरिषद आहे, तेव्हा 'नगराध्यक्ष'. महापौर फक्त महानगरपालिकेला. पनवेलला 2016 साली महापालिका झाली, तोवर तिथेही नगराध्यक्षच होते. कुडाळसारख्या नगरपंचायतीचेही नगराध्यक्षच. 'पंचायत' शब्द बघून सरपंच छापू नका. ही चूक दिसते.

आता 'पौर'. पुर म्हणजे नगर. त्यातला 'उ' वृद्धी होऊन 'औ' झाला की 'पौर', म्हणजे नगरवासी. 'कुरु'वरून 'कौरव' होतं तसंच. महापौर म्हणजे नगरवासीयांतला पहिला. म्हणून 'महापोर' लिहिलं की अर्थच बुडतो (मोठं पोर!).

पाखाडी: 'पौर' जुना, संस्कृतात 'पौरजानपद', म्हणजे शहरातले आणि गावाकडले लोक, अशी जोडी येते. 'मेयर'साठी 'महापौर' हा शब्द मात्र सावरकरांचा. 1924 ते 1937 ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी तिथूनही चालवला. गंमत म्हणजे ज्या रत्नागिरीत ते राहिले, तिथे आजही नगरपरिषदच, म्हणजे महापौर नाहीच.

दुसरी गंमत: 'मेयर'च्या मुळाशी लॅटिनमधला 'अधिक मोठा' या अर्थाचा शब्द आहे, आणि तो आपल्या 'महा'चा लांबचा भाऊबंदच. मुंबईत 1931 पर्यंत या पदाला 'प्रेसिडेंट' म्हणत, 'मेयर' त्यानंतर.

बंदरकाठ: मग दोघांचे अधिकार सारखेच?

शब्दवेडा: नाही. महापौराला नगरसेवक आपल्यातून निवडतात, मुदत अडीच वर्षं. तो सभा चालवतो. कारभाराची सूत्रं आयुक्ताकडे. त्यामुळे गटार तुंबलं म्हणून एकट्या महापौराला अर्ज देऊन भागत नाही, प्रत आयुक्तांनाही द्यावी. नगरपरिषदेत आयुक्ताऐवजी मुख्याधिकारी.

पाखाडी: पत्रिकेत बाई असतील तर 'नगराध्यक्षा' चालतं, 'महापौरा' नको; महापौर दोघांनाही तोच. आणि पणजीचे पाहुणे बोलावलेत का तेही बघा. तिथे महापालिका आहे, त्यांच्या नावापुढचं 'महापौर' खोडू नका.