मदत हवी आहे: ट्रॅकसाठी पहिली जुनी मोटारसायकल, कागदपत्रांसह यामाहा आर१५ घ्यावी की कागदपत्रांविना केटीएम आरसी ३९०?

नमस्कार. मी पुण्यात राहतो, वय ३९. गेल्या हिवाळ्यात कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर मोटारसायकल चालवण्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतले. गाडी भाड्याची, २०० सीसीची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका उजव्या वळणावर पुढचे चाक घसरले आणि मी गाडीसकट मातीत गेलो. मला काही झाले नाही, परंतु निघताना मोडतोडीचे बिल हातात पडले, आणि यापुढे आपटायचीच असेल तर स्वतःची गाडी आपटावी, असे मी तिथेच ठरवले. माझ्याकडे रोजच्या वापराची सीबीआर २५० आर आहे. ती ट्रॅकवर न्यायची नाही असे घरी कबूल केले असल्याने तो पर्याय कृपया सुचवू नये.

गाडी, टायर आणि सुरुवातीची दुरुस्ती मिळून दीड लाख रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. लेदर सूट, बूट आणि हातमोजे आधीच घेतले आहेत. वर्षातून तीन-चार वेळा करीवर आणि जमल्यास एकदा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाण्याचा विचार आहे.

दोन गाड्या पाहिल्या. पहिली २०१८ ची यामाहा आर१५ व्हर्जन ३, चिंचवडच्या एका विद्यार्थ्याची, ३१ हजार किलोमीटर चाललेली. तो ८८ हजार मागतो. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा अजून दिसतो, कर्ज मात्र फिटले आहे असे तो सांगतो, आणि बँकेचे पत्र 'घरात कुठेतरी आहे'. इंजिनाचा आवाज स्वच्छ वाटला. मात्र इंजिनाखाली जॅक लावून पुढचे चाक अधांतरी केले आणि हँडल एका बोटाने सावकाश फिरवून पाहिले, तेव्हा अगदी मधोमध ते खाचेत बसल्यासारखे किंचित अडकते. बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेले असतील तर ते बदलता येतील, त्याची मला चिंता नाही. चिंता आहे ती चासीवरच्या (सांगाड्यावरच्या) डाव्या स्टॉपरची, जिथे पूर्ण वळवलेले हँडल येऊन टेकते. त्यावरचा काळा रंग उजव्या स्टॉपरपेक्षा बराच ताजा दिसतो, म्हणजे पडल्याची ठेच झाकली असावी. विचारले तर उत्तर मिळाले, "काका, गाडी एकदाही पडलेली नाही."

दुसरी २०१६ ची केटीएम आरसी ३९०, ट्रॅकसाठी पूर्ण तयार केलेली: फायबरचे फेअरिंग (बाहेरचे आवरण), हेडलाइट आणि साइड स्टँड काढलेले, ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार बांधलेली. किंमत १ लाख १० हजार. नोंदणीचा कागद, म्हणजे आरसी, नाही. ट्रॅकच्या गाडीला कागद कशाला लागतात, असे विकणाऱ्याचे म्हणणे. गाडी पाहताना हात शिवशिवले, हे लपवत नाही.

१५५ सीसीची, १९ पीएसची (अश्वशक्तीची) गाडी मला लवकरच अपुरी वाटेल का, आणि नुसत्या ट्रॅकवर चालवायच्या गाडीला कागद नसले तर नेमके काय अडते, या दोन गोष्टींवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

कागदांविना गाडी घेऊ नये, कितीही तयार असली तरी. तुम्ही ती टेम्पोने नेणार, आणि महामार्गावर कोणी अडवून गाडी कोणाची असे विचारले तर तुमच्याजवळ दाखवायला काही नसेल. रेल्वेने पार्सल करायची तरी आरसीची प्रत मागतात, टाकी रिकामी करावी लागते ती वेगळीच. अपघातात निकामी ठरलेल्या आणि नोंदणी रद्द झालेल्या गाड्याही ट्रॅकसाठी विकल्या जातात, त्यात गैर काही नाही. पण अशा गाडीसोबत विमा कंपनीच्या विक्रीचा आणि आरटीओच्या रद्दीकरणाचा कागद असतो. तोही नसेल तर गाडी चोरीची नाही हे तुम्ही कशावरून म्हणणार? विम्याच्या आशेने मात्र कागद पाहू नका, कारण शर्यत आणि वेगचाचणी नेहमीच्या पॉलिसीतून वगळलेली असते.

आर१५ साठी एक साधी तपासणी करा. मागच्या चाकाचे दोन्ही ॲडजस्टर (साखळी ताणायचे बोल्ट) सारख्या खुणेवर आहेत याची खात्री करून घ्या, मग मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून जाड दोरा पुढच्या चाकापर्यंत ताणा. पुढचा टायर अरुंद असल्याने दोन्हीकडे फट दिसेल. चाक सरळ धरल्यावर ती सारखी हवी. कमीजास्त असेल आणि ॲडजस्टर नीट असतील, तर चासीवर संशय घ्यावा. फट सारखी असून हँडल तिरके दिसत असेल, तर टी (हँडलखाली शॉकअप धरून ठेवणारा भाग) आणि पुढचे शॉकअप पिळले गेले आहेत, आणि ते निस्तरता येते.

प्रतिसाद २

करी जेमतेम २.१ किलोमीटरचा आहे. तिथे १९ पीएस पहिली दोन वर्षे तरी संपत नाहीत. इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटर आहेत, तेथील लांब सरळ पट्ट्यावर मोठ्या गाड्या तुम्हाला मागे टाकतील, त्याला इलाज नाही. पण ४३ पीएसच्या गाडीवर नवा माणूस वळणातली चूक सरळ रस्त्यावर भरून काढतो आणि ती चूक तशीच राहते. मी स्वतः तसाच शिकलो आणि पुढे ते मोडताना फार त्रास झाला. शिवाय पडल्यावर लागणारे लिव्हर, फूटरेस्ट आणि हँडल आर१५ चे नाना पेठेत सहज मिळतात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायला विसरू नका. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, नक्षी कितीही शाबूत असली तरी ट्रॅकवर नेऊ नये.

मूळ लेखक

दोघांचेही आभार. आरसी ३९० चा विषय सोडला. काल दोरा घेऊन चिंचवडला गेलो. दोन्हीकडची फट सारखी भरली, परंतु चाक सरळ असताना हँडल उजवीकडे झुकलेले आहे. डाव्या स्टॉपरवरून नख फिरवले तर रंगाखाली ठेचलेली कड लागली, आणि मुलाला पावसाळ्यात एकदा गाडी 'थोडी स्लिप' झाल्याचे आठवले. मागचा टायर १८१९ चा आहे. बँकेचे पत्र सापडले, पण ते दोन वर्षांपूर्वीचे असल्याने नवे आणायला सांगितले आहे. आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय पैसे देणार नाही. तो ७६ हजारांवर आला आहे. टी, बॉल रेसर, शॉकअपचे काम आणि दोन टायर धरता ही किंमत रास्त आहे, की आणखी खाली बोलावे? स्टॉपर ठेचलेला असताना चासीची आणखी कोणती जागा उघडून पाहावी, तेही सांगावे; रविवारी मेकॅनिकला सोबत नेणार आहे.