५.९ कमिन्स २४ व्हॉल्व्ह डिझेल: लोड ओढायला कॅम १७८/२०८ की १८८/२२०?

प्रश्न: गाडी २००१ ची डॉज रॅम २५००, हाताचे गिअर, कंपनीचाच एचएक्स३५ टर्बो. मागे साडेचार-पाच टनांचा ट्रेलर. लांब चढावर एग्झॉस्टचं तापमान १३५० फॅरनहाइटला टेकतं. किलर डॉवेल पिनसाठी (सुटून गिअरमध्ये पडू शकते ती पिन) पुढची गिअरकेस उघडणारच आहे, तर कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून हॅमिल्टन कंपनीचा घ्यावा म्हणतोय. दोन्हींपैकी कुठला?

टॅपेटवाला: १७८/२०८. हे आकडे म्हणजे व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो ते, क्रँकच्या अंशांत; टॅपेट (कॅमवर टेकून वर-खाली होणारा भाग) ०.०५० इंच उचललेला असताना मोजलेले. आधी इनलेट, मग एग्झॉस्ट. इनलेट लांबला की तो उशिरा मिटतो आणि वर येणारा पिस्टन भरलेली हवा थोडी परत ढकलतो. मग खालच्या आरपीएमला ओढ कमी, टर्बो उठेपर्यंत काळा धूर, थंडीत स्टार्टिंग जड. १८८/२२० मोठ्या टर्बोवर, २००० च्या वर पळणाऱ्या गाडीला शोभतो. आणि पेट्रोलवाल्यांचं ओव्हरलॅपचं (इनलेट-एग्झॉस्ट एकदम उघडे राहण्याचं) गणित इथे आणू नका. डिझेलमध्ये पिस्टन हेडला जवळजवळ चिकटतो, व्हॉल्व्ह उघडे ठेवायला जागाच नसते. शिवाय एग्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब बूस्टपेक्षा (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त असला की ओव्हरलॅपमध्ये जळका धूर उलटा इनलेटकडे शिरतो.

गेज_बघा: कॅम मागवण्याआधी एग्झॉस्ट मॅनिफोल्डला दाबाचं एक गेज लावा. बूस्ट ३० पीएसआय आणि टर्बोच्या आधी ५० दिसले, तर अडलंय टर्बोत. तिथे कुठलाही कॅम घाला, तापमान फार उतरणार नाही.

प्रश्नकर्ता: जुने टॅपेट तुकतुकीत आहेत. तेच ठेवले तर?

टॅपेटवाला: नाही, बाराही नवेच. टॅपेटचा तळ किंचित फुगीर आणि लोब (कॅमवरचा उंचवटा) किंचित तिरका घासलेला असतो, म्हणून टॅपेट स्वतःभोवती फिरतो. जुना आपल्या लोबशी बसलेला असतो. नव्या लोबवर तो फिरायचा थांबला की लोब सपाट व्हायला वेळ लागत नाही. या टॅपेटचा तळ भोकापेक्षा मोठा, छत्रीसारखा. वरून निघत नाही. पुशरॉड (टॅपेटवर उभ्या असणाऱ्या काड्या) काढून लाकडी दांडे ठोकून टॅपेट वर धरा, कॅम पुढून ओढा, मग कॅमच्या भोकात पन्हळ सरकवून एकेक त्यात पाडा. बुश फक्त पुढच्या भोकाला आहे, बाकी कॅम थेट ब्लॉकमध्ये फिरतो. आत घालताना लोबचा ओरखडा पडू देऊ नका.

लोबला मॉली पेस्ट, तेलात झिंकचं ब्रेक-इन अ‍ॅडिटिव्ह. इंजिन लागल्याबरोबर १५०० ते २००० आरपीएम, २० मिनिटं. आयडलवर सोडू नका, तेव्हा लोबवर तेल कमी उडतं.

फिलरगेज: टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची मोकळी फट) थंड इंजिनवर, इनलेट ०.०१०, एग्झॉस्ट ०.०२० इंच; कॅमच्या कागदावर वेगळं असेल तर ते. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (पिस्टन सगळ्यात वर) आणून इनलेट १, २, ४ आणि एग्झॉस्ट १, ३, ५. क्रँक एक पूर्ण फेरा फिरवून उरलेले. एका पुशरॉडवर दोन व्हॉल्व्ह चालतात, त्यामुळे दोन्हींवर आडवा बसणारा मधला ब्रिज नीट बसलाय ना, हे आधी बोटाने हलवून बघा. तिरका असला तर गेज खोटं बोलतं. हेड कधी घासलेलं असेल तर व्हॉल्व्ह-पिस्टनमधली जागाही मोजा, टीडीसीच्या दोन्ही बाजूंना दहा अंशांवर.